टोचन

गुरुवारी रात्रशाळेत फळ्यावर दोन ठोकळे काढले,
तीन किलो, दोन किलो, अंगाला अंग लावून.
खाली गुळगुळीत जमीन
(अशी जमीन भोसरीत कुठे नाही, हे पोरं जाणून असतात).
तीन किलोच्या पाठीत दहा न्यूटनचा बाण.
आता सांगा, हा पुढच्याला कितीनं ढकलतो?

"दहानंच की," पहिला बाक म्हणाला.
चार. पुढच्यापर्यंत चारच पोचतात.
बाकीचे सहा मागच्याला स्वतःलाच हलवायला लागतात.

इलियास मुजावर उठला. प्रेस शॉपमध्ये हेल्पर,
नखांत ग्रीस, वहीच्या कोपऱ्यावर तेलाचं बोट.
"मॅडम, हा त्याला चारनं ढकलतो,
तो ह्याला उलटा चारनं.
म्हणजे फिटंफाट. मग हलायचं कोणी?"

दरवर्षी कोणीतरी विचारतंच.
मीही दरवर्षी तेच सांगते:
ते दोन बाण एकाच अंगावर नसतात, बाळा.
प्रत्येकाची आकृती वेगळी काढायची.
ज्याला लागलं, बाण त्याच्याच चित्रात.
त्यानं मान हलवली.
पटलेली मान आणि घंटा व्हायला आलेली मान
यांतला फरक एकवीस वर्षांत मला कळायला लागलाय.

फुगेवाडीला स्कूटीनं दोन उचक्या दिल्या आणि संपली.
काटा चार दिवस लालच्या खाली होता,
मी रोज त्याला उद्या म्हणत होते.
डोक्यावरून शेवटची मेट्रो
रिकामा उजेड घेऊन गेली.
हेल्मेट हँडलला अडकवून ढकलायला लागले, तोच मागून,
"मॅडम, बसा. टोचन देतो."

त्याचा डावा पाय माझ्या सायलेन्सरवर आला.
"हँडल सरळ धरा. ब्रेकला हात नको.
आणि मागं बघू नका."
बरं, म्हणाले मी.
तासापूर्वी हाच शब्द तो मला म्हणत होता.

दुसऱ्या गिअरवर कण्हत त्याची मोटारसायकल,
पुढे मी, डबा, स्कूटी आणि न तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा,
एकूण पावणेदोनशे किलोचा ठोकळा.
दापोडीपर्यंत पुस्तकातल्यासारखं गेलं.
हॅरिस पुलाच्या चढाला मात्र
चप्पल पत्र्यावर करकरली,
गरम सायलेन्सरवर रबर भाजल्याचा वास आला.
खाली नदी होती, म्हणजे तिचाही वास होता.
इतकी वर्षं मी जे बल बोटभर बाणात काढलं
ते असं करकरतं, मला माहीत नव्हतं.

बोपोडीच्या पंपाआधी, शंभरेक पावलांवर,
त्यानं पाय काढून घेतला.
मी तशीच जात राहिले.
मागे कोणी नाही, इंजिन गप्प,
दोन बंद दुकानं, एक झोपलेला कुत्रा,
आणि मी आपली चाललेय,
थेट पंपावरच्या पोराच्या पुढ्यात.

चहा तरी घे, म्हणायला वळले
तोवर तो वळून पुलावर चढला होता.
दिघीला राहतो तो. अगदी उलट्या दिशेला.
शाळेच्या फाटकातच त्यानं
गाडीचा आवाज ऐकला असणार.

सोमवारी लंगडत आला.
काय रे झालं?
"काही नाही मॅडम. गुडघा."
मग बाकावर सरकत, वही उघडत,
माझ्याकडे न बघता,
"तो उलटा बाण. माझ्या चित्रातला."

बाकीची पोरं उगीच हसली.
मी टेबलावर, खुर्चीखाली, खिडकीत
डस्टर शोधत राहिले.
डस्टर हातातच होतं.